साहेबाच्या घरचं बोलावणं

"पुढून नको. मागून ये." साहेबाची बायको दारातूनच बोलली अन् आत निघून गेली.

धुतलेला सदरा घालून मी उभा होतो. हातात खोबऱ्याच्या वड्यांचा डबा. साहेबाच्या पोराचा वाढदिवस होता. सकाळी पोलाद प्लांटच्या वेल्डिंग शॉपमध्ये सगळ्यांसमोर साहेब म्हणाले होते, "संध्याकाळी घरी ये रे. आपला माणूस तू." साहेब नागपूरचे, मी भंडाऱ्याकडचा. भिलाईत तेव्हा कोणी मराठी बोललं की जीव खुलत होता. बायकोनं दुपारभर चुलीपाशी बसून वड्या थापल्या.

मागं गेलो. मोरीपाशी बादली अन् बांबूची लांब कामटी. साहेब नाकाले रुमाल लावून बाहेर आले.

"संडास तुंबलाय. मेहतर आला नाही. पाहुणे यायला लागलेत, लवकर मोकळा कर."

मले आधी समजलंच नाही. मी डबा पुढं केला. बाई आतूनच म्हणाली, "तिथं ठेव, मोरीच्या कडेला."

मोरीतून घाण वाहून राहिली होती. पिवळी, घट्ट. आतून साजूक तुपाचा वास. दोन्ही एकदम नाकात शिरले.

"साहेब, मी वेल्डर आहो."

"वेल्डर प्लांटमध्ये. इथं तू कोण आहेस ते मला माहीत आहे. तुमच्या लोकांना काय त्याचं?"

आमी बौद्ध झालो होतो. साहेबासाठी काहीच झालं नव्हतं. प्लांट उभाराले आलेल्या रशियन माणसानं माझा हात धरून मले वेल्डिंग शिकवलं. त्यानं जात विचारली नाही. अन् हे साहेब, भट्टीसमोर उभं राहून नव्या देशाचं भाषण देणारे.

कामटीले हात लावला नाही. डबा काखेत धरला अन् मागच्या दारानं सरळ घरात शिरलो. स्वयंपाकघर. मग बैठक. पाहुणे बसले होते. चपला न काढता मधून चाललो. एक बाई पदर आवरून सरकली. साहेब मागून दबक्या आवाजात बोलला, "उद्या बघतो तुला." मी पुढच्या दारानं बाहेर पडलो.

घरी बायकोले सगळं सांगतलं. म्हटलं, "मी काय मेहतर आहो?"

ती भाकर थापता थापता थांबली. "अन् मेहतरानं तरी ती घाण काहून काढावी? त्याले नाक नाही का?"

मी वड्यांचा डबा तिच्यापुढं ठेवला. जेवण गेलं नाही.

सकाळी वेल्डिंगवरून काढून मले कोळशाच्या यार्डात टाकलं. शॉपमधल्यांनी विचारलं. साहेबाले ऐकू जाईल एवढ्या आवाजात मी सांगतलं, काय झालं ते. काही हसले. काहींनी माना खाली घातल्या.

यार्डात थुंकी काळी पडते. तिची किळस नाही येत. साहेब दिसला की येते.

युनियनच्या मिटिंगीत आता मी मेहतरांच्या रांगेत बसतो. हातातली कामटी ते टाकतील, त्या दिवशी मीही कोळशाचं फावडं टाकून संपावर जाईन. मग नोकरी राहो का जावो. साहेबाचा संडास साहेबानं काढावा. त्याले दोन हात आहेत.