बोटाएवढी झाली, काकी

शेवटच्या भेटीत हिरूकाकींनी स्वतःच्या तब्येतीबद्दल अक्षरही काढलं नाही. "पिल्लं बोटाएवरी झाली का?" एवढंच विचारलं. "अजून नाही," मी म्हटलं. त्यांनी डोळे मिटले. त्याच आठवड्यात त्या गेल्या...

भाईंदर पश्चिमेतून आम्ही राई गावात भाड्याने राहायला आलो, तेव्हापासून त्या आमच्या घरमालकीण. घरामागे त्यांचं गोड्या पाण्याचं तळं. त्यांच्या लहानपणी त्यात इथली मूळची मासळी, मरळी होत्या. मग कुणीतरी बाहेरची चिलापी मासळी आणून सोडली आणि बघता बघता तळं तिचंच झालं. मरळीची अंडी-पिल्लं ती वाढूच देईना. "पाव्हनी म्हनून आली नि घर बलकावून बसली," काकी करवादायच्या. मरळ परत आलेली बघायची, हा त्यांचा उतारवयातला हट्ट. गेल्या वर्षी माहेरच्या तळ्यातून त्यांनी मरळीची जोडी आणून सोडली.

यंदा पावसाळ्यात एका सकाळी त्यांनी मला हाताला धरून काठावर नेलं. "सावली पान्यावं नको पारू." मी मागे सरले. पाण्यात लालभडक पुंजका तरंगत होता... शेकडो पिल्लं! खाली काळे आई-बाप पहाऱ्याला. पिल्लं श्वासाला वर आली की पाण्यावर मूठभर तांदूळ टाकल्यासारखं होई. देवळात उभं राहावं तशी मी उभी होते.

तेवढ्यात काठाशी एका चिलापीने तोंड उघडलं आणि तिची इवली पिल्लं आसऱ्याला भराभर आत शिरली. वैरीणसुद्धा केवढी आई! काकींच्या हातात जाळं होतं.

"टाका ना, काकी."

"रहू दे. आपली बोटाएवरी झाली का यांनाच खातील. मग लाल रंग जातो, पांगतात. दिसंनाशी झाली का समज, जगली."

दिवसकार्य उरकल्यावर मी तळ्यावर गेले. लाल पुंजका कुठेच नव्हता. काकींचे शब्द आठवत होते, तरी मनात आलं, चिलापीने डाव तर साधला नाही? बराच वेळ पाणी नुसतं हिरवं... अचानक चिलापीची बारीक पिल्लं फुटून पळाली. त्यांच्यामागून काळपट, माझ्या बोटाएवढं काहीतरी वर आलं, हवेचा घोट घेतला आणि बुडालं.

"झाली, काकी!" मी मोठ्याने म्हटलं. रडत होते की हसत होते, कोण जाणे.

आता रोज जाते. तळं जवळ आलं की पाय आपोआप थांबतात आणि माझी सावली कुठे पडतेय, ते मी आधी बघते.