डांगर छावणीत, मी शहागंजात

खुलताबादहून सकाळच्या एस.टी.त बसलो तेव्हा माझ्या मांडीवर डांगर (लाल भोपळा) होतं, चांगलं नातवाएवढं. शहरात छावणीच्या चर्चमध्ये हंगामाचा सण होता. शेतात पिकलेलं पहिलं देवाला वाहायचं असतं, आणि माझ्यासारखं डांगर आमच्या गावात कुणाला पिकत नाही.

"बाबा, याचं तिकीट?" कंडक्टर म्हणाला.

"लेकरू हाय, मांडीवर बसलंय. माझंच फाड."

दौलताबादच्या वेशीत समोरून ट्रक घुसला आणि गाडी अडकली. शेजारच्या बाईनं मला दोन पेरू दिले. नाय नाय म्हणत दोन्ही खाल्ले.

चर्चमध्ये माझं डांगर सगळ्यांत पुढं मांडलं. छाती फुगवून बसलो. तेवढ्यात पाळकसाहेबांनी शास्त्र वाचलं. अर्पण आणलं आणि कुणाशी वाकडं असल्याचं आठवलं, तर अर्पण तिथंच ठेवा, आधी समेट करून या, असं त्यात आहे.

माझं वाकडं बांधाशेजारच्या मल्हारीशी. दोन वर्षांपूर्वी त्याच्या मेंढरांनी माझा हरभरा खाल्ला. त्यानं हात जोडले, तरी मी बांधावरची वाट बोराट्या (बोरीच्या काटेरी फांद्या) लावून बंद केली. तेव्हापासून तो टेकडीला वळसा घालून जातो. रविवारी शहागंजात घोंगड्या विकायला बसतो, हेही मला ठाऊक होतं.

पाळकसाहेबांना हळूच म्हणालो, "पुढच्या रविवारी केलं तर?"

"डांगर तोवर टिकेल, बाबा. तुमचं कुणी सांगावं?"

कालचा पोरगा मला शिकवतो! रागानंच उठलो.

रिक्षावाला म्हणाला, "चचा, शहागंज में क्या लेना?"

"माफी मागायचीय."

"वो वहाँ नै मिलती, चचा!"

घंटाघराजवळ मल्हारी घोंगड्या पसरून बसलेला. मला बघून म्हणाला, "काय याकोबदादा, इथंबी कुंपण घालायला आलास व्हय?"

"उद्या बोराट्या काढतो."

"का?"

"देवानं सांगितलंय."

"देवाचं ऱ्हाऊ दे. तुला काय वाटतंय?"

मी घोंगडीची दशी ओढत म्हणालो, "शेतात एकट्यानं भाकर ग्वाड लागत नाय."

त्यानं घोंगडी झटकून जागा केली आणि फडकं सोडलं. भाकरी आणि ठेचा. ठेच्यानं डोळ्यांत पाणी आलं, असं मी त्याला सांगितलं.

छावणीत परतलो तेव्हा चर्च रिकामं झालं होतं. पाळकसाहेब तेवढे थांबले होते. त्यांनी मला एकट्याला प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस दिला. संध्याकाळच्या गाडीत मल्हारी शेजारी घोरत होता आणि मी विचार करत होतो. देवावर प्रेम करणं मला कधी जड गेलं नाही. त्याचा बांध काही माझ्या बांधाला लागून नाही.

सकाळी बोराट्या उपटल्या. हात रक्ताळले. मल्हारी मेंढरं घेऊन आला, पण एक मेंढरू आत येईल तर शपथ. वाट सताड उघडी आणि सगळा कळप सवयीनं टेकडीकडं वळतोय. तो पुढून ओढतोय, मी मागून ढकलतोय. शेवटी मी ओरडलो, "अगं चला की! चुकलं माझं!"

मल्हारी ओढायचा थांबला. "पुन्हा म्हण," तो म्हणाला. "त्या मागच्या मेंढीनं ऐकलं नाय."

मी पुन्हा म्हणालो. या वेळी मेंढीकडं बघितलं नाही.