वायर काढली तरी
ओल्या हळदीचा वास आला की मला आमच्या वडपे गावातला तो मांडव आठवतो. चुलत बहिणीची हळद होती आणि आमच्या बँडला पहिल्यांदाच कुणी वाजवायला बोलावलं होतं. ड्रमर निजामपुऱ्याचा, कापडाच्या लूमच्या खडखडाटात वाढलेला. त्यानेच मला अमेरिकेतले कंट्री ढंगाचे पंक बँड ऐकवले होते. मी म्हटलं होतं, "कंट्री? ती तिकडची रडगाणी मला सहन होत नाहीत." तो म्हणाला, "मुझे भी नहीं जमतीं. तू सुन तो सही." ऐकलं, तर गावाकडच्या चालीवर कुणीतरी घसा फोडून भांडत होतं. तसं भांडण आमच्या गावच्या गाण्यातही होतंच की! म्हणून त्या संध्याकाळी आम्ही धवलाच, म्हणजे हळदीला म्हणायचं आमचं पारंपरिक गाणं, गिटारवर, दुप्पट वेगात, ओरडून सुरू केलं. दुसऱ्या कडव्यालाच काकांनी स्पीकरची वायर उपटली. "धवल्याची थट्टा लावलीय काय? बंद करा!" तेवढ्यात धवलारीण उठली. जिच्या गाण्याशिवाय आमच्यात हळद लागतच नाही, ती म्हातारी. कोपरापर्यंत पिवळे हात कमरेवर ठेवून ती काकांना म्हणाली, "वायर काढलीस, माझा गला न्हाय काढलास." मग ड्रमरकडे वळली, "वाजव रं, आनखी जोरान." आणि आमच्याच वेगात तिने तुटलेला धवला उचलला. काका हळद लागेपर्यंत वायर हातात धरून उभे होते. आजही कार्यक्रमाआधी कुणीतरी नाक मुरडतं, "गावठी गाणी मला आवडत नाहीत हं." मी म्हणते, मलाही नाही, आणि स्पीकरची वायर न जोडताच धवला सुरू करते.