मामांचे मूग

दुसऱ्याच्या ताटावर माझ्या बायकोच्या मामांइतकी करडी नजर ठेवणारा माणूस अख्ख्या घाटकोपरात सापडायचा नाही. ते एका कापड गिरणीच्या कॅन्टीनमध्ये आचारी होते, गिरणी बंद पडल्यावर गावी गेले. लग्नाला गेले की नवरा-नवरीच्या आधी ते स्वयंपाकाकडे वळतात आणि आमटीचा नुसता वास घेऊन "खोबरा शिळा आसा" असा निकाल देऊन येतात. मासळीवाचूनचा दिवस त्यांच्या लेखी एकादशी.

गेल्या वर्षी माझ्या थोरल्या बहिणीचं, ताईचं, यकृत निकामी झालं. माझ्या यकृताचा तुकडा तिला चालण्यासारखा होता, पण माझी सोनोग्राफी पाहून डॉक्टर म्हणाले, "तुमच्याच लिव्हरवर चरबी आहे. तीन महिन्यांत दहा-बारा किलो उतरवा, मग बघू." मी तेव्हा त्र्याण्णव किलोंचा. घरी येऊन खुर्चीत बसून राहिलो. बायकोनं मामांना फोन लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मामा रात्रीच्या गाडीनं गावाहून पिशवीभर मूग घेऊन दारात हजर. सकाळी मोड आलेले मूग, दुपारी एक भाकरी आणि दुधी, संध्याकाळी सातच्या आत मुगाचं कढण, संपलं. हॉस्पिटलातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी त्यात पनीरचे चार तुकडे घालायला लावले, तेही मामांनी "बायेचो मान म्हणान" कसेबसे मान्य केले. मग ते आमच्याकडेच राहिले. अंधेरीच्या ऑफिसात दुपारी एकला त्यांचा फोन यायचा आणि डब्यात काय उरलं ते मला सांगावं लागायचं. पहिल्याच रविवारी बायकोनं त्यांच्यासाठी सुरमई तळली, तर त्यांनी ताट बाजूला सारलं. "जावयांका मूग आणि माका सुरमय? ह्या माझ्यान होवचा नाय." त्यानंतर तीन महिने त्या माणसानं माझ्या समोर बसून मूगच खाल्ले. माझ्याबरोबर त्यांचीही पॅंट ढिली झाली.

पाचव्या आठवड्यात ताईला पुन्हा ॲडमिट केलं. त्या संध्याकाळी ऑफिसबाहेर मी उभ्या उभ्या तीन वडापाव खाल्ले. घरी कढणाची वाटी समोर आली तेव्हा मामांना सगळं सांगून टाकलं. आता तोंडसुख घेणार, असं वाटलं होतं. त्यांनी वाटी बाजूला ठेवली. मग म्हणाले, "भूक लागली म्हणान खाल्लात, की भिया वाटला म्हणान?"

इतक्या दिवसांत हे मला कुणीच विचारलं नव्हतं. "भीती वाटली," मी म्हटलं.

"मगे कढण घेवा. उपाशी पोटी भिया वाढता."

साडेअकरा किलो उतरले. ऑपरेशन झालं. ताई आता तिच्या घरी, मुलुंडला, स्वतःचा चहा स्वतः करते आणि माझ्याशी जुन्या जोमानं भांडते.

मी हॉस्पिटलातून घरी आलो त्या दिवशी मामांनी बाजारातून स्वतः बांगडे आणले, तळले, आणि दोन घास खाऊन ताट सारलं. "जिभेक येळ लागतलो," म्हणाले. काम संपलं म्हणून त्याच आठवड्यात ते गावी निघाले. दारात मी नमस्काराला वाकू लागलो, तर त्यांनी मला अर्ध्यातच धरलं.

"वाकू नका. टाके ओले आसत."

टाके कधीच सुकले. मामांचे गुडघे मात्र आता दुखतात, मुंबईला येणं त्यांना जमत नाही. मे महिन्यात ताईला घेऊन त्यांच्या गावी जायचं ठरवलंय. दोघंही वाकणार आहोत.