गेज न लावता

चंद्रहास राऊतांचं आयुष्य सातिवलीच्या कारखान्यात लेथपुढे उभं राहण्यात गेलं. निवृत्त झाल्यावर ते निर्मळच्या वाडीत केळी आणि फुलझाडं बघू लागले. रिकामा हात त्यांना खपत नाही. गप्पा मारायला आलेल्या शेजाऱ्यालाही ते फुलं निवडायला बसवतात. त्यामुळे भौतिकशास्त्रात पीएचडी करणारी मुलगी हेमांगी नुसती बसलेली दिसली, की त्यांचं टाळकं सटकायचं.

"आज काय केलंस?"

"विचार."

"आणि काम?"

एकदा तिने नीट सांगून पाहिलं. मोजण्याआधी कण अमुकच जागी आहे असं म्हणता येत नाही. पण मोजणं म्हणजे काय, ते सुरू कुठे होतं, यावर समीकरण गप्प. "तेच ठरलं नाही तर प्रयोग कशाचा करायचा, बाबा? इथे तत्त्वज्ञान लागतं."

"आळसाला नाव बरं शोधलंस!"

मार्चमध्ये मार्गदर्शक सरांनी प्रबंधातलं नेमकं याच प्रश्नावरचं प्रकरण परत केलं. हे फिजिक्स नव्हे, गप्पा आहेत. प्रबंधातून काढून टाक. हेमांगी मुकाट्याने काढायला बसली.

"चूक काय निघाली?" चंद्रहासांनी विचारलं.

"वाचलंच नाही त्यांनी. मथळा बघून परत दिलं."

चंद्रहास ताडकन उठले. "न वाचता? आम्ही घडवलेला जॉबही रिजेक्ट व्हायचा, पण गेज लावून, माप तपासून! लांबून बघून फेकला असता तर मशीन बंद केली असती आम्ही. गेल्या साली हेच प्रकरण तू स्वतः फाडून पुन्हा लिहिलंस ना?"

"हो. एका प्रयोगाचे आकडे माझ्या म्हणण्याच्या उलट आले."

"मग? गप्पा मारणारा कधी स्वतःचं फाडतो?"

"तुम्हीच आळस म्हणालात, बाबा."

"मला तुझं वाचायचा पगार मिळत नाही. त्यांना मिळतो! काही काढायचं नाही. वाचून चूक दाखवा म्हणावं, मग काढते."

तिने तसंच कळवलं. सर चिडले. पण चिडून का होईना, चूक काढायलाच वाचायला बसले, आणि लाल शाईने भरलेले कागद परत आले. युक्तिवाद तीन ठिकाणी घसरला होता. खाली लिहिलं होतं : दुरुस्त कर. प्रकरण राहू दे. शेवटचा प्रश्न प्रयोगाने तपासता येईल.

हेमांगी नाचतच ओटीवर आली. चंद्रहासांनी कागद उलटसुलट पाहिले. कपाळावर आठी.

"तीन चुका? आणि तुला एकही दिसली नाही? बस, लाग कामाला."