सोम की भौम

केळुसकर मॅडमना तारीख विचारली की त्या आधी विचारायच्या, "कुणाची?" सानपाड्याच्या आमच्या सोसायटीत मी नवा होतो. लिफ्टमध्ये सहज विचारलं, "आज तारीख काय हो?" तर म्हणाल्या, "कुणाची? ऑफिसची, पंचांगाची की हिजरी? हिजरी हवी असेल तर सूर्य मावळलाय, ती मघाशीच बदलली." मी मुकाट्याने मोबाईल काढला.

कॉलेजात इतिहास शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. जुन्या शिलालेखांवरचे दिवस आजच्या कॅलेंडरात बसवायचा त्यांना नाद. असे लेख बघायला त्यांना स्कूटरवरून नेणं हळूहळू माझ्याकडे आलं. मी एकदा शाळेतलं ज्ञान पाजळलं, "शकात अठ्ठ्याहत्तर मिळवले की झालं." त्या म्हणाल्या, "पौषात अर्ध्यावर एकोणऐंशी होतात. कुणाचं वर्ष चैत्रात बदलतं, कुणाचं कार्तिकात. लिहिणारा कुठल्या हिशोबाने जगत होता, ते आधी बघायचं." मला त्यातलं निम्मं आजही कळत नाही.

दिवाळे गावच्या कोळीवाड्यातून हाशाबाबा आले ते याच कामासाठी. त्यांच्या देवळाच्या भिंतीत लेखाचा दगड होता. देवळाची दोनशे वर्षं साजरी करायची होती, पण ती यंदा भरतात की पुढच्या वर्षी, यावर गावात भांडण लागलेलं. आम्ही गेलो. दगडावर ऑइल पेंटचे थरच्या थर होते. शकाचा आकडा एक वर्ष सांगत होता, संवत्सराचं नाव पुढचं. वारावरून निकाल लागला असता. आधीच्या वर्षी दगडावरच्या तिथीला मंगळवार येत होता, पुढच्या वर्षी सोमवार. पण वाराचं पहिलंच अक्षर रंगाखाली बुजलेलं.

"सोम की भौम?" मॅडम बोट फिरवत पुटपुटल्या. भौम म्हणजे मंगळ, हेही मला तेव्हाच कळलं.

"खरवडू का?" मी विचारलं.

"रंगाबरोबर अक्षरही जाईल."

हाशाबाबा खालीच बसले. दम्याने त्यांना धड बोलवत नव्हतं. "म्याडम, पुढचे वरसाला मी हाय का नाय, कोन सांगल? याच वरसाचं सांगा."

मॅडमनी दगडावरचं बोट काढून घेतलं. मग म्हणाल्या, "बाबा, दगड बोलत नाही तोवर मी त्याच्या तोंडी शब्द कसा घालू?"

मला त्यांचा राग आला. इतकं काय अडलं होतं? शेवटी गावाने ठरवलं, दोन्ही वर्षी उत्सव करायचा. पहिल्या वर्षी हाशाबाबांनी पालखीला खांदा दिला. पावसाळ्यात ते गेले.

त्याच पावसाळ्यात ओलीने भिंतीचा रंग पापुद्र्यांनी सुटला. दुसऱ्या उत्सवाला आम्ही गेलो तर अक्षर स्वच्छ दिसत होतं. सोम. म्हणजे हाशाबाबांचा उत्सव वर्षभर आधीच झाला होता. मला वाटलं, मॅडम आता गप्प राहतील. त्यांनी हाशाबाबांच्या बायकोजवळ, जनीबायजवळ बसून सगळं सरळ सांगितलं.

जनीबायने ऐकून घेतलं. म्हणाली, "आसंल बाय. दगडाचं खरं आसंल. पन त्या वरसी तो होता."

परतताना मी विचारलं, "मग मॅडम, गेल्या वर्षीचा उत्सव चुकीचा म्हणायचा का?"

"वर्ष चुकलं. उत्सव झाला. आता तोही इतिहासात आहे, तो कुणी कसा काढणार?"

मला नीटसं कळलं नाही. मॅडमना जाऊन आता दोन वर्षं झाली, विचारायला कुणी नाही. दिवाळ्यात मात्र अजून दोन्ही वर्षांच्या पालखीची आठवण सांगतात, आणि आधीची जास्त सांगतात.