तलावावरच्या बंदराचा सुरक्षा अधिकारी

हिंगोली जिल्ह्यात समुद्र नाही. शाळकरी लेकराला ठाऊक असलेली ही गोष्ट २००४ साली मुंबईत कुणालातरी सांगायला पाहिजे होती. कारण त्या साली आमच्या पाटबंधाऱ्याच्या हापिसात एक परिपत्रक येऊन पडलं. आपल्या ताब्यातली जहाजं, बंदरं आणि तिथले संगणक यांच्या सुरक्षेची माहिती आठ दिवसांत पाठवा.

दुसरं कुणी असतं तर ‘निरंक’ लिहून मोकळं झालं असतं. पण आमच्या हापिसात त्या शब्दाची धास्ती. मी तिथला लिपिक. आदल्या साली मी माळ्याच्या रकान्यात निरंक लिहिलं आणि मार्चमध्ये माळ्याचं पदच उडालं. म्हणून शाखा अभियंता उकंडराव साहेब म्हणाले, “विश्वंभर, निरंक लिहू नको बाबा. उद्या नावाड्याचं पद जाईल. आपला कोंडीबा कायम व्हायचाय.”

कोंडीबा खिल्लारे म्हणजे तलावावरचा नावाडी. पुसेगावकडचा. काळा, काटक, डोक्याला कायम उपरणं. १९९१ पासून रोजंदारीवर. कागदावर त्याचं काम बोट घेऊन पाण्याची खोली मोजायचं. खरं काम पलीकडच्या वस्तीतल्या बायामाणसांना अलीकडं आणायचं, नाहीतर त्यांना सात कोस वळसा. पाण्यावर गेलं की बायांना तोंड फुटतं. सासू, जाऊ, नवऱ्याची दारू, सगळं त्या बोटीत निघायचं. पण चौदा वर्षांत त्यातला एक शब्द कोंडीबानं काठावर आणला नाही. घरी बायको कमलबाई खोदून खोदून विचारायची, “काय बोलत होत्या ओ?” हा म्हणायचा, “वारा लई होता, ऐकू न्हाई आलं.” वारा नसला तरी हेच.

त्याला कायम करायची फाइल वर गेली होती. कायम म्हणजे महिन्याचा पगार, म्हातारपणी पेन्शन. पोरीच्या लग्नाची बोलणीही त्या एका कागदावर अडलेली.

तर मी लिहिलं: नौका एक, बंदर एक, संगणक मागणीत. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच! सहा महिन्यांनी खरंच संगणक आला. सोबत बावीस नियमांचं पुस्तक आणि एक आदेश. घाटावरची चौकीदाराची खोली ‘बंदर सुविधा’ ठरली. कोंडीबा ठरला ‘बंदर संगणक सुरक्षा अधिकारी’, आणि पुढं कंसात ‘रोजंदारी’. भारनियमन बारा तासांचं, त्यामुळं तो संगणक सगळा मिळून दोनदा चालला असेल.

मी कोंडीबाला बावीसही नियम वाचून दाखवले. तो उकिडवा बसून ऐकत होता. शेवटी म्हणाला, “भाऊसाहेब, बाकीचं डोक्यावरून गेलं. नऊ नंबरचं तेवढं कळलं.”

नियम नऊ असा होता: परवलीचा शब्द कोणत्याही व्यक्तीस, वरिष्ठांसह, सांगू नये.

त्याला बटणं दाबता येईनात, म्हणून त्यानं माझ्या कानात एक शब्द सांगितला, मी एका बोटानं तो टाइप केला. तो आम्हा दोघांनाच ठाऊक.

हापिसातल्या संगणकाची गोष्ट वेगळी. त्याचा पासवर्ड भिंतीवर ऑइलपेंटनं लिहिलेला. काहून म्हणाल, तर साहेब लोकांच्या बदल्या होतात आणि चार्ज द्यावा लागतो. उकंडरावांनी चार्ज घेताना तीन प्रतींत सही केली होती: टेबल एक, खुर्च्या चार, पासवर्ड एक.

पुढच्या डिसेंबरात मुंबईचे तपासणी साहेब आले. कोंडीबाच्या फाइलला त्यांचाच शेरा पाहिजे होता. उकंडरावांनी कुरुंद्याची पाच किलो हळद जीपमध्ये ठेवली. साहेबांनी भिंतीवरचा पासवर्ड वाचला, संगणक उघडला आणि म्हणाले, “वा! चोख व्यवस्था.” हापिस पास.

मग घाटावर आलो. कोंडीबानं बोट घासूनपुसून ठेवली होती, अंगात धुतलेला सदरा. साहेबांच्या छापील फॉर्ममध्ये पासवर्डचा रकाना होता.

“हं, पासवर्ड सांगा.”

“सांगता येत न्हाई, साहेब.”

“मी तपासणी अधिकारी आहे!”

“व्हय साहेब. पन नऊ नंबरात वरिष्ठांसह लिवलंय.”

साहेब लाल झाले. उकंडरावांनी त्याला कोपरानं ढोसलं. “कोंडीबा, पोरीचा इचार कर. तुझा शेरा याच कागदावर हाय.”

उपरणं हातात घेऊन कोंडीबा म्हणाला, “साहेब, दुसरं कायबी मागा. पन सांगू नको म्हनून सांगितलेलं म्या सांगू कसं?”

साहेब माझ्याकडं वळले. “तुम्हाला माहीत आहे?”

नियम मीच वाचून दाखवला होता. ‘साहेब, तो बराबर बोलून राहिला’ एवढं म्हटलं असतं तर काय जात होतं माझं? जात होतं ना. वरिष्ठ लिपिकाची माझी बढती जात होती. मी खाली बघून म्हणालो, “चांदी, आणि त्यापुढं एकोणीसशे एक्क्याण्णव.”

चांदी त्याची म्हैस. जीपचा ड्रायव्हर फिसकन हसला. साहेबांनी रकाना भरला.

महिन्यानं एकाच लखोट्यात दोन कागद आले. संगणक सुरक्षेतल्या सहकार्याबद्दल मला प्रशस्तिपत्र. सुरक्षेच्या कामी असहकार केला म्हणून कोंडीबा कामावरून कमी. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात. इथं चोराला वर प्रशस्तिपत्र! गावात लोक म्हणाले, येडा रे येडा, म्हशीच्या नावापायी नोकरी घालवली. मी कुणालाच काही बोललो नाही. लाज वाटते, आजही वाटते.

तो सामान जमा करायला आला. दोन वल्ही, दोर, खोलीची किल्ली. मी पावती लिहीत होतो, मान काही वर होईना. पावती घडी करून त्यानं खिशात घातली. दारापर्यंत गेला आणि परत फिरला. वाटलं, आता हा मला चार शिव्या घालणार, आणि घालाव्यातच.

“भाऊसाहेब,” तो हळूच म्हणाला, “तेवढा पासवर्ड आजच बदलून टाका. आता लई जनायला माहीत झाला.”